मुंजीचे पैसे आणि ग्राफिक्स कार्ड

सन २०२५ च्या नवरात्रांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून आम्ही सर्व मंडळी दिवाणखान्यांत बसलों असतां माझ्या धाकट्या पुतण्यानें हळूच विषय काढला कीं, त्याच्या मुंजींत जमलेले पैसे त्याला आतां हवे आहेत. त्या मुंजीला अकरा वर्षें होऊन गेलीं. आजोळचीं, आत्यांचीं, स्नेह्यासोबत्यांचीं म्हणून जीं पाकिटें आलीं, त्यांतील रक्कम त्याच्या आजीनें त्याच्याच नांवें बँकेंत ठेविली होती, आणि ती व्याजासह पन्नास हजारांच्या घरांत गेली होती. पैसे कशाला, असें विचारतांच तो म्हणाला, "माझ्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घ्यायचें आहे."

"म्हणजे खेळायला!" माझे थोरले बंधु एवढेंच बोलले, परंतु त्यांच्या स्वरावरून पुढचें सर्व समजण्याजोगें होतें. वहिनींनीं मुलाची बाजू सांवरून धरली. कॉलेजच्या कामालाहि कार्ड लागत असेल, असें त्या म्हणाल्या. तेव्हां पोरगा खालीं मान घालून, पण स्पष्टपणें बोलला, "नाहीं आई, कॉलेजचें काम आहे त्यावर होतें. मला खेळायलाच हवें आहे." त्याचें हें बोलणें दादांना मनांतून आवडलें असावें, कारण त्यांनीं पुढें वाद वाढविला नाहीं. आमच्या मातोश्रींनीं मात्र वेगळाच निवाडा दिला. "पैसे त्याचे आहेत, ते कशांत घालावे हें मी सांगणार नाहीं. पण वस्तु खरी मिळाली पाहिजे आणि चार-सहा वर्षें टिकली पाहिजे. तें तूं पाहा," असें म्हणून त्यांनीं तें काम माझ्यावर सोंपविलें.

माझ्यावर सोंपविण्यांत एक खोंच होती, ती घरांत सर्वांना ठाऊक आहे. २०१९ सालीं थोरल्या पुतण्यासाठीं मीं ओळखीच्या ओळखीनें आलेल्या एका माणसाकडून जीटीएक्स १०५० टीआय हें कार्ड सात हजारांना घेतलें होतें. खोकें कोरें करकरीत आणि किंमत बाजारापेक्षां बरीच कमी. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहून संशय यावयास हवा होता, पण आला नाहीं. घरीं आणून जोडल्यावर संगणकानें त्याचें नांव बरोबर दाखविलें. कंपनीचा ड्रायव्हर घालतांच मात्र पडदा काळा होई. दहा-बारा दिवस आम्ही विजेला, विंडोजला आणि नशिबाला दोष देत होतों. शेवटीं एका परिचितानें जीपीयू-झेड नांवाचा फुकट मिळणारा लहानसा प्रोग्रॅम चालवून पाहिला, तेव्हां कार्डाच्या नांवामागें तें बनावट असल्याची सूचना उमटली. आंत २०११ च्या सुमाराची जुनी चिप होती, आणि तिच्या बायोसमध्यें फेरफार करून तिला नव्या कार्डाचें नांव चिकटविलेलें होतें. विकणाराचा फोन त्या दिवसापासून लागला नाहीं. पोरगा मला एका शब्दानेंहि बोलला नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें.

या वेळीं म्हणून मीं त्या दिवसांत दुसरें कांहीं वाचलें नाहीं. त्या वाचनांतून जें हातीं आलें, तें अशाच पेंचांत सांपडणाऱ्या घरांना उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

कार्ड म्हणजे काय, हें मातोश्रींना जसें सांगितलें तसेंच सांगतों. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा लग्नघरच्या मुख्य आचाऱ्यासारखा आहे. तो अवघडांतलें अवघड काम करूं शकतो, पण त्याचे हात मोजके. पडद्यावरचें चित्र ही मात्र भली मोठी पंगत आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या साध्या पडद्यावर एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात, आणि सेकंदाला साठ चित्रें दाखवावयाचीं तर ही संपूर्ण पंगत सेकंदाच्या साठाव्या हिश्शांत वाढून झाली पाहिजे. येथें एकटा बुद्धिमान आचारी कामाचा नाहीं. सांगितलेलें एकच काम एकदम करणारे शेंकडों-हजारों वाढपी पाहिजेत. ग्राफिक्स कार्डावरील चिप म्हणजे हे वाढपी, आणि कार्डावरील स्मृति, जिला मुलें व्हीआरॅम म्हणतात, ती म्हणजे त्यांच्या हाताशीं असलेला ओटा. जें पदार्थ ओट्यावर मावतात ते झटपट वाढले जातात. जे मावत नाहींत ते दूरच्या कोठींतून, म्हणजे संगणकाच्या मुख्य स्मृतींतून, वेळोवेळीं आणावे लागतात.

हा धंदा पहिल्यापासून मोठा चंचल आहे. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीचें व्हूडू कार्ड निघालें, तेव्हां तें नेहमीच्या कार्डाशेजारीं वेगळें बसवावें लागे. खेळ लिहिणाऱ्यांसाठीं त्या कंपनीनें ग्लाइड नांवाची स्वतःची परिभाषा काढली होती, आणि कित्येक उत्तम खेळ तिच्यांतच शोभून दिसत. पण २००० च्या डिसेंबरांत त्या कंपनीची बहुतेक मालमत्ता प्रतिस्पर्धी एनव्हिडियानें घेण्याचें ठरलें, आणि ग्लाइडवर विसंबून ज्यांनीं पैसे घातले होते ते हात चोळीत बसले. एटीआय ही दुसरी मोठी कंपनी २००६ मध्यें एएमडीच्या पोटांत गेली. कार्ड बसविण्याची खांचसुद्धां बदलली. २००४ पासून एजीपी मागें पडून पीसीआय एक्सप्रेस आली. आपल्या बाजारांत घरगुती उपयोगासाठीं आज एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल एवढीं तीनच नांवें उरलीं आहेत.

हें सर्व पाहतां एक गोष्ट मला वारंवार दिसून आली. कार्ड केवळ अशक्त झालें म्हणून टाकून द्यावें लागत नाहीं. खेळांतील बारकावे थोडे कमी केले कीं अशक्त कार्डावरहि वर्षानुवर्षें निभावतें. पण एखादी नवी विद्या त्याला मुळींच येत नसली, किंवा त्याचा ओटा पुरेनासा झाला, म्हणजे त्याचे दिवस भरलेच. जीटीएक्स १०८० टीआय हें २०१७ च्या मार्चमधील कार्ड घ्या. ६९९ डॉलर किंमत, ११ जीबी स्मृति, आणि शक्ति अशी कीं पुढें कित्येक वर्षें त्याची चांगली कार्डें म्हणून गणना होई. २०१८ मध्यें एनव्हिडियानें आरटीएक्स मालिका आणली आणि तिच्यांत रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशाचा किरण कोठून निघून कोठें आपटतो हें खरोखर हिशेबानें काढण्याची, सोय चिपमध्येंच घातली. त्यापूर्वीं सांवल्या आणि प्रतिबिंबें हीं बव्हंशीं चित्रकाराच्या युक्तीनें रंगविलेलीं असत. आरंभीं ही विद्या चालविणारे खेळ अगदीं थोडे होते आणि तिची चेष्टाहि पुष्कळ झाली. पण २०२४ च्या डिसेंबरांतील 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि २०२५ च्या मे महिन्यांतील 'डूम: द डार्क एजेस' या खेळांनीं ती सोय कार्डांत असलीच पाहिजे अशी अट घातली. म्हणजे अंगांत बळ असूनहि १०८० टीआयला दारांतच अडविलें गेलें! त्या पिढीच्या कार्डांसाठीं नव्या खेळांचे ड्रायव्हर देणेंहि एनव्हिडियानें २०२५ च्या ऑक्टोबरांत थांबविलें. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या तेवढ्या २०२८ पर्यंत देण्याचें कबूल केलें आहे. तथापि साडेआठ वर्षें हें आयुष्य कांहीं थोडें नव्हे. दादांच्या स्कूटरलाहि इतकें लाभलें नाहीं.

दुकानांत गेल्यावर पहिला प्रश्न 'कोणतें कार्ड' हा असतो; घरीं तो 'कोणता पडदा' असा विचारावा. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४०० ठिपके असतात आणि ज्याला फोर-के म्हणतात त्यावर ८२,९४,४००, म्हणजे साध्या पडद्याच्या बरोबर चौपट. साध्या पडद्यापुढें फोर-केचें कार्ड बसविणें म्हणजे चार माणसांच्या घरीं जत्रेचें पातेलें चढविणें होय. आमच्या चिरंजीवांचा पडदा साधाच आहे; वर्षा-दोन वर्षांत १४४० चा घ्यावा असा त्याचा मनोदय आहे. एवढें ठरतांच बाजारांतील निम्मीं कार्डें आपोआप बाद झालीं. त्यांत २०२५ च्या जानेवारींत जाहीर झालेलें आरटीएक्स ५०९० हेंहि आलें, ज्याची अमेरिकेंतील किंमत १,९९९ डॉलर आणि विजेची भूक ५७५ वॅट, म्हणजे छताचे सात-आठ पंखे एकदम लावल्यासारखें.

आतां ओट्याचा विचार. मला वाटतें, खरेदींतील अर्धी फसगत येथेंच होते. आरटीएक्स ३०७० हें २०२० सालचें ४९९ डॉलरांचें कार्ड. त्यावर स्मृति ८ जीबी होती. २०२१ मध्यें आलेलें ३०६० त्याहून बरेंच दुबळें आणि स्वस्त, पण त्यावर १२ जीबी. त्या वेळीं ३०७० घेणारा शहाणा ठरला. २०२३ मध्यें 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' यासारखे खेळ संगणकावर आले, तेव्हां वरच्या दर्जाचें चित्र मागतांच ८ जीबीचा ओटा भरून जाऊं लागला. ओटा भरला कीं चित्र मधूनच अडखळतें, किंवा भिंतीदगडांवरील नक्षी पुसट होऊन जाते. वाढपी कितीहि चपळ असले तरी उपयोग होत नाहीं. उलट, चिप दुबळी असतां नुसती स्मृति फुगवून विकलेलें कार्डहि घेऊं नये. तरी पण सारख्या चिपचींच दोन कार्डें समोर असतील, तर निवड कठीण नाहीं. आरटीएक्स ५०६० टीआय हें २०२५ च्या एप्रिलांत ८ जीबीचें ३७९ आणि १६ जीबीचें ४२९ डॉलर अशा दोन रूपांत निघालें. एएमडीचें आरएक्स ९०६० एक्सटी जूनमध्यें २९९ आणि ३४९ डॉलर अशा दोन रूपांत. पन्नास डॉलरांच्या फरकांत ओटा दुप्पट होतो. दोहोंचें नांव मात्र एकच! खोक्यावरील बारीक आंकडा न वाचणाराला दुकानदार कोणतें देईल, हें सांगावयास नकोच.

नांवांवर विश्वास टाकूं नये, हें मला आणखी एका गोष्टीवरून पटलें. २०१६ चें जीटीएक्स १०६० हें ३ आणि ६ जीबी अशा दोन प्रकारांत विकलें गेलें. पण त्यांत फरक नुसत्या स्मृतीचा नव्हता, वाढपीहि एकांत १,१५२ व दुसऱ्यांत १,२८० होते. २०२२ मध्यें आरटीएक्स ४०८० या एकाच नांवाखालीं दोन अगदीं भिन्न चिपा जाहीर झाल्या, तेव्हां मात्र इतका गलबला उडाला कीं त्यांतील १२ जीबीचें कार्ड बाजारांत येण्यापूर्वींच मागें घ्यावें लागलें. वाढप्यांच्या संख्येवरूनहि निरनिराळ्या कंपन्यांची तुलना करूं नये. ५०६० टीआयमध्यें ते ४,६०८ आणि ९०६० एक्सटीमध्यें २,०४८ मोजले जातात. तरी या दोन कार्डांच्या कामांत दुपटीचें अंतर मुळींच नाहीं. मोजण्याची रीतच वेगळी.

अलीकडील सर्वांत मोठा बदल म्हणजे कार्ड आतां सगळें चित्र स्वतः काढीतच नाहीं. एनव्हिडियाची डीएलएसएस आणि एएमडीची एफएसआर या युक्त्या लहान चित्र काढून तें मोठें करतात, आणि गाळलेले बारकावे शिकविलेल्या अंदाजानें भरतात. हें काम आतां इतकें सफाईदार झालें आहे कीं चालत्या खेळांत माझ्या डोळ्यांना फरक कळला नाहीं. पुतण्याला कळला, पण त्यालाहि खटकला नाहीं. एएमडीची चौथी एफएसआर २०२५ मध्यें निघाली ती त्याच वर्षींच्या ९००० मालिकेसाठीं. जुनें कार्ड स्वस्तांत घेतांना हें ध्यानांत ठेवावें. याच्या पलीकडची युक्ति म्हणजे दोन खऱ्या चित्रांच्या मध्यें एक, किंवा तीन, कल्पित चित्रें घालणें. त्यामुळें हालचाल रेशमासारखी दिसते. परंतु हातानें कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्यानें कमी होत नाहीं, किंचित् वाढतोच. २०२५ च्या जानेवारींत एनव्हिडियाच्या प्रमुखांनीं ५४९ डॉलरांचें ५०७० हें १,५९९ डॉलरांच्या ४०९० ची बरोबरी करील असें जाहीर सभेंत सांगितलें, तें अशा कल्पित चित्रांची गणती धरून. हें असत्य म्हणतां येणार नाहीं, पण घरच्या माणसानें हिशेब असा मांडला असता तर आम्हीं तो पुन्हां तपासावयास लाविला असता. कंपनीचे आलेख पाहतांना कल्पित चित्रें वगळून आंकडा काय, एवढें विचारावें.

संगणकाच्या बाकीच्या अंगांकडेहि पाहावें लागतें. चिरंजीवांचा संगणक २०२० च्या टाळेबंदींत घेतलेला. त्याचा मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा. ५०६० टीआय त्या खांचेतील सोळांपैकीं आठच मार्गिका वापरतें, ९०६० एक्सटी सोळाहि वापरतें. जुन्या बोर्डावर हा फरक कोठीकडे जाण्याच्या बोळासारखा आहे, म्हणजे ओटा भरल्यावर तो जाणवतो. इंटेलचें १२ जीबीचें आर्क बी५८० हें २०२४ च्या डिसेंबरांतील २४९ डॉलरांचें कार्ड किमतीच्या मानानें फार चांगलें. पण रिसायझेबल बार नांवाची सोय चालूं नसलेल्या संगणकांत तें बरेंच मंदावतें, आणि जुन्या प्रोसेसरशीं त्याचें तितकेंसें जमत नाहीं, म्हणून तें सोडलें. मुलाचा अभ्यास कृत्रिम बुद्धीचा किंवा तत्सम असता, तर मीं निमूटपणें एनव्हिडिया घेतलें असतें. त्या विषयांतील बहुतेक साधनें तिच्या कूडा या प्रणालीवर आधीं लिहिलीं जातात. पण त्यानें खेळण्यासाठींच हवें असें कबूल केलें होतें.

एसएमपीएसकडे तर कोणी पाहतच नाहीं. कॅबिनेटबरोबर जो फुकट मिळतो त्यावर ४५० वॅट छापलेलें असलें तरी तो तितकी वीज नेटानें देईलच असें नाहीं, आणि तो बिघडला तर कधीं कधीं बरोबरच्या महागड्या वस्तु घेऊन जातो. चाळीस हजारांचें कार्ड आणि आठशेंचा एसएमपीएस ही जोडी आम्हीं होऊं दिली नाहीं. ९०६० एक्सटीची १६ जीबीची आवृत्ति १६० वॅटपर्यंत वीज घेते. रोज तीन तास खेळला तरी महिन्याला सुमारें साडेचौदा युनिटें झालीं. हा आंकडा मीं कागदावर मांडून दादांपुढें ठेविला, तेव्हां ते प्रथमच त्या कागदाकडे नीट वाकून पाहूं लागले.

मध्यंतरीं दोन सूचना आल्या. अमेरिकेंतील आत्येभाऊ डिसेंबरांत येणार आहे, त्याच्याकडून आणवावें, ही पहिली. तेथील किमतींत विक्रीकर धरलेला नसतो, आणि कित्येक कंपन्यांची हमी ज्या देशांत खरेदी केली त्याच देशापुरती असते. बिघाड झाला तर कार्ड पुन्हां विमानानें पाठवावें लागणार. दुसरी सूचना थांबण्याची. पुढच्या वर्षीं आणखी चांगलें निघेल, हें खरेंच आहे. तें दरवर्षीं खरें असतें. २०२० च्या सप्टेंबरांत ६९९ डॉलरांना जाहीर झालेलें आरटीएक्स ३०८० कांहीं आठवडे थांबून घेऊं म्हणणाऱ्यांना पुढें दीड वर्ष त्या भावानें मिळालें नाहीं, कारण इथिरियमचें आभासी चलन काढणाऱ्यांनीं बाजार धुऊन नेला होता. २०२२ च्या सप्टेंबरांत त्या चलनाची पद्धत बदलली, तेव्हां तीच राबवून घेतलेलीं कार्डें जुन्या बाजारांत लोटलीं. आम्ही थांबलों असतों तर? २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड संगणकगृहांनीं स्मृतिचिपांची अशी उचल केली कीं संगणकाच्या रॅमचे भाव भराभर चढले. हें आम्हांला आधीं कळलें होतें असें मुळींच नाहीं. मातोश्रींनीं "घ्यायचें तें दिवाळीपूर्वीं घ्या" म्हटलें, एवढेंच.

दसऱ्यानंतरच्या शनिवारीं मी आणि पुतण्या दुकानांत गेलों. खोक्यावर १६ जीबी छापलें आहे हें त्यानें वाचलें, मीं वाचलें, आणि दुकानदाराच्या तोंडून वदवून घेऊन बिलांतहि अनुक्रमांकासह लिहवून घेतलें. कार्ड त्यांच्याच संगणकाला जोडून जीपीयू-झेड चालवून पाहावयाचें, असा मीं आग्रह धरला. दुकानदार जरा हंसला, पण त्यानें तें केलें. पडद्यावर नांव, चिप आणि स्मृति यथास्थित उमटली. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें, आणि २०१९ सालची आठवण दोघांनींहि काढली नाहीं. कार्डाचे एकोणचाळीस हजार आणि चांगल्या एसएमपीएसचे साडेपांच हजार झाले. उरलेले पैसे आजीनें त्याच खात्यांत परत भरावयास लावले.

दादा त्या खोलींत अजून फारसे जात नाहींत. पण पुढच्या महिन्याचें विजेचें बिल आलें, तेव्हां त्यांनीं तें मला वाचून दाखविलें आणि माझा तो कागद शोधून आणावयास सांगितलें. फरक सोळा युनिटांचा होता. "दीड युनिट जास्त," ते म्हणाले, आणि कागद घडी घालून त्यांनीं आपल्या फायलींत ठेवून दिला.